लेगोची डेक्कन क्वीन : आधी वळण, मग डबा

प्रश्न थोडक्यात असा आहे : लेगोचा सिटी ट्रेनचा संच घरी आहे, त्याचे रूळ, पॉवर्ड अपचा (लेगोच्या विजेवर चालणाऱ्या पद्धतीचा) हब, म्हणजे बॅटरीची पेटी, आणि मोटर आहे. यातून डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन आणि एलएचबी (नव्या बनावटीच्या) डब्यांची डेक्कन क्वीन बांधायची आहे. किती रुंद, किती लांब, कुठून सुरुवात करायची? आणि नेटवर पाहिलेल्या लांबलचक सुंदर गाड्या घरच्या रुळांवर का पडतात?

शेवटच्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. लेगोच्या गाडीची लांबी खऱ्या गाडीवरून ठरत नाही, ती तुमच्या रुळांच्या वळणावरून ठरते. बहुतेक जण आधी इंजिनाचं नाक आणि पँटोग्राफ (छतावरचा, तारेतून वीज घेणारा हात) सजवतात, गाडी रुळावर ठेवतात आणि मग सगळं उकलतात. क्रम उलटा ठेवा : वळण, सांगाडा, बोगी, चाचणी आणि सगळ्यात शेवटी रंगरूप. (इथे बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, डबा नव्हे.)

मापं

एक स्टड (तुकड्यावरची गोल गाठ, हेच लेगोचं माप) म्हणजे ८ मिमी. प्लेटची (चपट्या तुकड्याची) उंची ३.२ मिमी, ब्रिकची ९.६ मिमी, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ब्रिक. पाच प्लेटची उंची बरोबर दोन स्टडांच्या रुंदीइतकी, १६ मिमी. ब्रिक आडवे लावून बाजू बांधायच्या असतील तर हे शेवटचं समीकरण पाठच हवं.

लेगोच्या दोन रुळांमधलं आतलं अंतर ३७.५ मिमी आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागाकार केला तर प्रमाण साधारण १:४५ येतं. एलएचबी डब्याची रुंदी ३.२४ मीटर, म्हणजे या प्रमाणात ७२ मिमी किंवा नेमके ९ स्टड. कागदावर हे फार छान दिसतं, पण विषम रुंदी बांधायला कटकटीची. मध्यरेषा स्टडवर येते, बोगीची पिन मात्र सहसा दोन स्टडांच्या मधल्या रेषेवर बसवायची असते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी अर्ध्या स्टडाची सोय करत बसावं लागतं. त्यात छप्पर आणि नाकाचे बहुतेक वक्र तुकडे सम रुंदीला जुळणारे. म्हणून ८ स्टड घ्या. प्रमाण १:५० च्या आसपास येतं आणि रूळ किंचित रुंद असल्याचं कुणाच्या डोळ्याला खुपत नाही, युरोपी गाड्या बांधणाऱ्यांना मात्र १४३५ मिमी गेजमुळे रूळ फारच रुंद असल्याची अडचण असते. लेगोच्या स्वतःच्या बहुतेक सिटी गाड्या ६ स्टड रुंद असतात. त्या रुंदीत डेक्कन क्वीन खेळणं वाटते, कारण एलएचबीच्या रुंद काचा आणि दार दोन्ही बसवायला जागा पुरत नाही.

१:५० ला एलएचबीची उंची (रुळापासून ४.०३९ मीटर) ८१ मिमी होते. चाकं, बोगी आणि फरशीपर्यंतचा भाग २६ मिमी धरला तर वर ५५ मिमी उरतात, म्हणजे १७ प्लेट. बाजूची भिंत ४ ब्रिक आणि छप्पर ५ प्लेट असा हिशेब नीट बसतो. चाकांची काळजी नको : डब्याचं ९१५ मिमीचं चाक या प्रमाणात १८ मिमी होतं आणि लेगोचं नेहमीचं चाक त्याच्या जवळपासच आहे. इंजिनाचं चाक (१०९२ मिमी) २२ मिमी हवं, पण बोगीच्या बाजूच्या चौकटीमागे तो फरक लपतो.

आता लांबी. एलएचबीचा डबा २३.५४ मीटर, म्हणजे या प्रमाणात ५८-५९ स्टड; सम आकडा म्हणून ५८ धरू. खरी अडचण इथून सुरू होते.

वळणाचा हिशेब

लेगोचं नेहमीचं वळण आर-४० म्हणून ओळखलं जातं : मध्यरेषेची त्रिज्या ४० स्टड, ३२० मिमी. एक तुकडा २२.५ अंशांचा, १६ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. खऱ्या रेल्वेच्या मानाने हे वळण हास्यास्पद आहे. १:५० ला त्याची त्रिज्या १६ मीटर होते, म्हणजे आपल्या २३ मीटरच्या डब्यापेक्षाही कमी.

वळणावर डबा दोन ठिकाणी रुळाबाहेर जातो. दोन बोगींच्या मधला भाग वळणाच्या आत सरकतो आणि टोकं बाहेर झुकतात. आत किती सरकतो ते काढायचं सूत्र सोपं आहे : त्रिज्येचा वर्ग वजा बोगींच्या अंतराच्या निम्म्याचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, ते त्रिज्येतून वजा. पूर्ण लांबीच्या, ५८ स्टडांच्या डब्याच्या बोगींमध्ये प्रमाणानुसार ३७ स्टड अंतर येतं. मग मधला भाग आत सरकतो ३६ मिमी आणि टोकाचा कोपरा नेहमीच्या जागेपेक्षा ४० मिमी बाहेर जातो. म्हणजे पाच स्टड. सिग्नलचा खांब, फलाटाची कड, सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागेच्या) बाजूची खटक्याची पेटी, सगळं वाटेत येतं. शेजारी १६ स्टड अंतरावर दुसरा मार्ग असेल आणि त्याचं वळणही त्याच केंद्राभोवती असेल, तर आतल्या डब्याचं टोक आणि बाहेरच्या डब्याचं पोट यांना मिळून १२९ मिमी जागा लागते. दोन मार्गांत जागा आहे १२८. दोन गाड्या एकमेकींना घासणारच.

४२ स्टडांचा डबा घेऊन बोगींमध्ये २६ स्टड ठेवले, तर आत सरकणं १७ मिमी आणि टोक बाहेर जाणं २२ मिमी. दोन्ही तीन स्टडांच्या आत. घरातल्या आर-४० वर यापेक्षा लांब डबा बांधू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ४८ स्टडांचे डबेही आर-४० वरून जातात, पण मग फलाट, बोगदा, पूल सगळं त्यांच्यासाठी मागे सरकवावं लागतं.

बोगी टोकाकडे सरकवल्या तर टोक कमी झुकतं पण पोट जास्त आत जातं, मध्याकडे आणल्या तर उलट. लांबीच्या ६० ते ६५ टक्के अंतर हा मधला मार्ग. ४२ पैकी २६ म्हणजे ६२ टक्के.

पूर्ण ५८ स्टड हवेच असतील तर रूळ बदला. ब्रिकट्रॅक्स, ट्रिक्सब्रिक्स, एफएक्स ब्रिक्स असे इतर उत्पादक लेगोला जोडता येणारे मोठ्या त्रिज्येचे रूळ बनवतात. आर-१०४ वर तोच ५८ स्टडांचा डबा आत १३ मिमी आणि बाहेर १८ मिमी जातो, म्हणजे आर-४० वरच्या छोट्या डब्यापेक्षाही देखणा चालतो. पण नुसतं वळण मावायला पावणेदोन-दोन मीटर मोकळी जागा हवी. दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न रुळांचा उरत नाही, घरातल्या माणसांच्या परवानगीचा होतो.

आर-४० वरच राहायचं असेल आणि लांब इंजिनाची हौसही असेल, तर तिसरी वाट म्हणजे मोडतं अंग. जीआयपी रेल्वेचं (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वसुरी) १९२८ पासूनचं ‘खेकडा’ इंजिन, डब्ल्यूसीजी-१, तीन भागांत सांधलेलं होतं : मध्ये चालकाची खोली, दोन्हीकडे खाली उतरती नाकं. असं अंग वळणावर स्वतः वाकतं, त्यामुळे पूर्ण लांबीत बांधलं तरी झुकणं कमी. लेगोने २०२० साली काढलेला क्रोकोडाइल इंजिनाचा संच (१०२७७) त्याच घराण्यातल्या स्विस इंजिनाचा आहे. त्याची सांधणी पाहिली की खेकड्याची निम्मी रचना कळते.

डब्याचा सांगाडा

दोन थर ६ स्टड रुंद प्लेटचे, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे. खालचा थर १६+१०+१६, वरचा १२+१०+८+१२. खालचे सांधे १६ आणि २६ व्या स्टडवर येतात, वरचे १२, २२ आणि ३० वर. कुठेही किमान चार स्टडांचा फरक राहतो आणि बोगीची पिन जिथे येते (दोन्ही टोकांपासून ८ व्या स्टडवर) तिथे एकही सांधा नसतो. हे जाणून करा. पिनजवळच सांधा आला की डबा उचलताना तिथेच तुटतो.

यावर मध्यरेषेला टेक्निक ब्रिकच्या (बाजूला भोकं असलेल्या ब्रिकच्या) दोन रांगा, कण्यासारख्या. एक १६+१०+१६, दुसरी १४+१४+१४. एक ब्रिक उंचीच्या या कण्यावरच आतली आसनं बसतात, म्हणजे तो दिसतही नाही. कणा नसला की डबा महिनाभरात मधून झोकतो. झोक डोळ्याला कळण्याआधी चाकांना कळतो : बोगी बाहेरच्या बाजूला तिरकी होते, टोकाचा आस (चाकांच्या जोडीचा दांडा) हलका पडतो आणि सांध्यावर रूळ सोडतो.

बाहेरचा एक-एक स्टड दोन्ही बाजूंना भिंतीसाठी. भिंत वरच्या थराला बाजूने स्टड असलेल्या ब्रिकांनी पकडून ठेवा, नुसती वर ठेवू नका.

बोगी आणि जोडणी

सगळ्यात जास्त गाड्या इथे बिघडतात, तेव्हा वेळ इथे घालवा.

बोगी डब्याला फिरत्या पिनेने जोडा. पिन राखाडी, म्हणजे सैल फिरणारी हवी. काळ्या पिनेवर घर्षणाच्या कडा असतात, ती वळणावर बोगी धरून ठेवते. दोन बाय दोनची फिरती चकती सोपी वाटते, पण डबा उचलला की तिचे दोन भाग सुटतात. बोगी आणि डबा यांच्या मधला स्पर्श गुळगुळीत हवा : खाली टाइल (स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा), वर टाइल. एका बोगीला थोडं डावं-उजवं डोलू द्या, दुसरीला नको. तीन पायांचं स्टूल कुठेही डगमगत नाही, तोच नियम. दोन्ही बोगी घट्ट असतील तर फरशीच्या उंचसखलपणावर एक चाक हवेत राहतं. दोन्ही डोलत्या असतील तर डबा झुलतो.

आर-४० वर आपल्या ४२ स्टडांच्या डब्याखाली बोगी १९ अंश वळते. बोगीची चौकट पिनेपासून साडेचार स्टड लांब असेल तर तिचं टोक जवळजवळ १२ मिमी, म्हणजे दीड स्टड बाजूला जातं. डब्याखालच्या पेट्या, पायऱ्या, पाण्याच्या टाक्या बोगीच्या टोकापासून किमान दोन स्टड दूर ठेवा. ‘सरळ रुळावर पळते, वळणावर पडते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा दाराखालची पायरी असते. आधी ती काढून पाहा.

चुंबकी जोडणी बोगीलाच लावा, डब्याच्या अंगाला नको. डब्याचं टोक वळणावर २२ मिमी बाहेर जातं. जोडणी त्या टोकाला असेल तर ती शेजारच्या डब्याला तितकीच बाहेर खेचते. बोगी मात्र रुळावरच असते, तिची जोडणीही रुळाच्या रेषेत राहते.

दोन डब्यांमध्ये किती अंतर? ४२ स्टडांच्या डब्यांत २ स्टड अंतर ठेवलं तर आर-४० वर आतले कोपरे एकमेकांना भिडतात. ३ ठेवलं तर पाच-साडेपाच मिमी मोकळे राहतात, आणि ४ ठेवलं तर निवांत, पण सरळ रुळावर फट दिसते. म्हणून ३. पिनेपासून जोडणीच्या तोंडापर्यंत साडेनऊ स्टड येतात. मधल्या पॅसेजची काळी घडी दाखवायची असेल तर ती एका बाजूलाच, एक स्टड खोलीची आणि मध्यभागी अरुंद ठेवा, कोपऱ्यांपर्यंत नेऊ नका.

उलट-सुलट वळण, म्हणजे डावीकडून लगेच उजवीकडे, हा शत्रू नंबर एक. शेजारच्या डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना झुकतात. दोन वळणांच्या मध्ये किमान एका डब्याइतका सरळ रूळ ठेवा. आपल्या डब्याला १६ स्टडांचे तीन तुकडे पुरतात.

चाचणीचा गाडा

भिंती बांधण्याआधी नुसता सांगाडा आणि दोन बोगी घ्या. चारही कोपऱ्यांवर आणि पोटाला दोन्ही बाजूंना १×१ ब्रिकच्या काठ्या उभ्या करा, पूर्ण उंचीच्या. हा गाडा हाताने सावकाश सगळ्या रुळांवरून, रूळ बदलण्याच्या सगळ्या सांध्यांतून, दोन्ही दिशांनी फिरवा. जिथे काठी अडेल तिथे एक तर रूळ हलवा किंवा माप कमी करा. दोन गाडे जोडून पुन्हा तेच करा. अर्धा तास लागतो आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर ठरतात.

डब्ल्यूएपी-७

खरं इंजिन २०.५६ मीटर, १:५० ला ५१ स्टड. डबे ४२ चे असताना इंजिन ५१ चं ठेवलं तर ते मालगाडीचं वाटतं. सगळ्या गाडीला एकच कात्री लावा : इंजिन ४० स्टड, बोगींमध्ये २२. आर-४० वर त्याचं टोक २३-२४ मिमी बाहेर जातं, म्हणजे डब्याच्या जवळपास. त्यामुळे फलाटाची कड एकाच मापाने ठरते.

अडचण आहे ती तीन आसांच्या बोगीची. तीन आस सारख्या अंतरावर, एकूण ९ स्टड ताठ बसवले तर आर-४० वर मधला आस टोकाच्या दोन आसांच्या रेषेपासून २ मिमी बाहेर जाऊ पाहतो. चाकाच्या कडेला तेवढी मोकळीक नसते, म्हणून बोगी रुळावर अडकते किंवा चढते. मोटर नसलेल्या बोगीत उपाय सोपा : मधला आस बाजूला सरकता ठेवा, किंवा मधली चाकं कड नसलेली लावा. मोटरच्या बोगीत दोन आस मोटरचे स्वतःचे असतात, तिसरा तुम्ही जोडता. तो मोटरला ताठ जोडू नका. एका पिनेवर फिरणाऱ्या छोट्या दांडीवर, शेपटीसारखा लावा, बाजूला अर्धा स्टड आणि वर-खाली एखादा मिमी हलेल असा. इंजिनाचं वजन त्याच्यावर अजिबात येऊ देऊ नका, नाहीतर मोटरच्या चाकांची पकड जाते.

पॉवर्ड अपच्या हबला (८८००९) वायर लावायला दोन जागा आहेत आणि आत सहा एएए सेल. त्याच्यासाठी ८×४ स्टडांची जागा सोडा आणि तो मोटरच्या बोगीवरच बसवा. साधे अल्कलाइन सेल असतील तर सहांचं वजन ७० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि ते मोटरच्या चाकांवर हवं. छप्पर एकसंध उचलता येईल असं करा : चार-पाच स्टडच पकडतील, बाकी टाइलवर टेकेल. हबचं हिरवं बटण दाबायला छतात १×२ ची टाइल सैल ठेवली तर दरवेळी छप्पर काढावं लागत नाही. रिचार्ज होणारे सेल चालतात. सहा सेलचे ९ ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात, वेग थोडा कमी होतो, पण रोज चालवणाऱ्यांना तेच परवडतात.

दोन मोटर लावायच्या असतील तर दोन्हींच्या वायरी एकाच दिशेला येतील अशा बसवा. समोरासमोर बसवल्या की एक पुढे ओढते, दुसरी मागे. अंग बांधण्याआधी टेबलावर दोन्ही जोडून चाकांची दिशा पाहा. अगदी हळू सुरू होणारी, हळू थांबणारी गाडी हवी असेल तर पायब्रिक्स नावाची मोफत प्रणाली हबमध्ये घालता येते आणि पायथॉनच्या काही ओळींत वेग पायरीपायरीने वाढवता येतो. एकदम पूर्ण वेग दिला की चाकं जागच्या जागी फिरतात आणि रबरी कडी झिजते.

जुन्या पॉवर फंक्शन्सच्या मोटरी (२००७ पासूनची पिढी) पॉवर्ड अपच्या (२०१८) हबला थेट लागत नाहीत, टोकं वेगळी आहेत. त्याआधीची, १९९१ ची ९ व्होल्टची पद्धत तर वेगळीच : वीज धातूच्या रुळांतून येते, गाडीत बॅटरी नसते. स्वस्तात मिळतं म्हणून तिन्ही पिढ्या मिसळून घेऊ नका.

बाजू, खिडक्या, रंग

गाडी आखडली की बहुतेक जण खिडक्या बारीक करतात. तसं करू नका. दार, काच, शौचालयाची बंद भिंत यांचं माप खऱ्या प्रमाणातच ठेवा आणि खिडक्यांची संख्या कमी करा. आपल्या ४२ स्टडांची एक चांगली वाटणी : टोक २, दार ३, शौचालयाची भिंत ३, मग १ स्टडचा खांब आणि ४ स्टडची काच अशा पाच काचा, शेवटी पुन्हा खांब (एकूण २६), आणि नंतर ३, ३, २. डोळा काचेचा आकार पाहतो, काचा मोजत नाही. विस्टाडोम, म्हणजे काचेच्या छताचा डबा (डेक्कन क्वीनला तो २०२१ मध्ये लागला) याच सांगाड्यावर बांधता येतो. छताच्या पाचपैकी वरच्या तीन प्लेटच्या जागी पारदर्शक तुकडे आणि बाजूला ६ स्टडच्या काचा लावा. मात्र छत कमजोर होतं, म्हणून कणा दोन ब्रिक उंच करा.

रंगाच्या बाबतीत एकच वर्ष आणि एकच रेक (डब्यांचा संच) निवडा. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक चंदेरी आणि लाल, दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेघांचा. २०२२ मध्ये एलएचबी डबे आले ते हिरव्या-लाल रंगात, मध्ये पिवळी रेघ. डब्ल्यूएपी-७ चे रंग शेडप्रमाणे बदलतात, तेव्हा एका विशिष्ट क्रमांकाच्या इंजिनाचे दोन्ही बाजूंचे फोटो समोर ठेवा. एकाचं नाक आणि दुसऱ्याची बाजू घेतली की पुण्या-मुंबईचा कुठलाही रेल्वेवेडा दारातच चूक दाखवेल.

रंग ठरवण्याआधी एक तपासा : तुम्हाला हवा असलेला वक्र तुकडा त्या रंगात निघाला आहे का? ब्रिकलिंक या लेगो तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराच्या स्टुडिओ या मोफत प्रणालीत गाडी आधी संगणकावर बांधता येते. न निघालेला रंग घातला तर ती खूण दाखवते आणि तुकड्यांची यादी थेट खरेदीच्या यादीत पाठवते. नेहमीचा हिरवा आणि लाल सहज मिळतात, गडद हिरवा आणि गडद लाल महाग पडतात. जुने गडद लाल आणि तपकिरी तुकडे ठिसूळ असतात, क्लिप आणि बिजागऱ्या विशेषतः. ते ताणाच्या जागी लावू नका.

पिवळी रेघ एका प्लेटची केली तर ३.२ मिमी, म्हणजे खऱ्या मापात १६ सेंटिमीटर. ती जाड वाटली तर विनाइलची २ मिमीची पट्टी कापून लावा. ‘दख्खन की रानी’ची पाटी छापूनच करावी लागते, ब्रिकमध्ये देवनागरी अक्षरं या मापाला बसत नाहीत. स्टिकर एकाच तुकड्यावर बसेल असं पाहा. दोन ब्रिकांच्या सांध्यावर लावलेला स्टिकर पहिल्या दुरुस्तीतच फाटतो.

पँटोग्राफ दांड्या आणि क्लिपांचा करा, दोन हवेत, चालताना मागचा वर. बोगद्याची उंची तो वर असतानाच मोजा.

चढ

एका सरळ तुकड्याला (१६ स्टड, १२८ मिमी) एक प्लेट चढ दिला तर उतार १:४० होतो. कर्जत-लोणावळ्यामधल्या बोरघाटाचा उतार १:३७ आहे, म्हणजे टेबलावर जवळपास घाटच तयार होतो, आणि खऱ्या घाटात जी अडचण तीच इथेही. एक मोटर सपाटीवर जेवढे डबे ओढते त्याच्या निम्मेही इथे ओढत नाही. उपायही तोच : गाडीच्या मागे ढकलायला दुसरं इंजिन, स्वतःच्या हबसह. चढाची सुरुवात आणि शेवट सौम्य करा, पहिल्या आणि शेवटच्या दोन तुकड्यांना अर्धाच चढ, नाहीतर जोडणीचे चुंबक वर-खाली सरकून सुटतात. चढ आणि आर-४० चं वळण एकत्र आणू नका.

बिघाड ओळखणं

चाकं फिरतात पण गाडी हलत नाही : मोटरवर वजन कमी, किंवा चाकांची रबरी कडी गुळगुळीत झाली. चाकंच फिरत नाहीत आणि हब बंद पडतो : ओढ जास्त किंवा सेल उतरले. एकेक डबा सोडवून बोटाने ढकलून पाहा. जो लवकर थांबतो त्याच्या आसावर केस किंवा गालिच्याचे धागे गुंडाळलेले असतात.

वळणावर मधलेच डबे आतल्या बाजूला पडतात : मागचे डबे जड, पुढचे हलके. ओढीची रेषा सरळ होऊ पाहते आणि हलका डबा आत ओढला जातो. जड डबा इंजिनामागे लावा. नेमक्या एकाच जागी गाडी पडते : रुळाचा सांधा उघडला आहे. घरातल्या गुळगुळीत फरशीवर रूळ सरकतात, म्हणून खाली प्लायवूड किंवा पातळ रबरी चटई घाला. कधी पडेल सांगता येत नाही : बहुधा दोन्ही बोगी घट्ट आहेत.

खरेदी

एकदम आख्ख्या गाडीचे तुकडे मागवू नका. परदेशातून मागवताना खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क खर्चात धरा. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ६० वरून ७० टक्के केलं होतं, मागवण्याआधी चालू दर पाहा. इतर कंपन्यांचे जुळणारे ब्रिक सांगाड्याच्या आतल्या थरांना आणि आसनांना चालतात. चाकं, पिना, टेक्निक ब्रिक आणि जोडणीचे चुंबक मात्र मूळचेच घ्या, कारण तिथे दशांश मिमीचा फरकही घर्षण वाढवतो.

पहिल्या पार्सलमध्ये चाचणीच्या एका गाड्याचं सामान पुरे : ६×१६ च्या दोन प्लेट, ६×१२ च्या दोन, ६×१० च्या दोन, ६×८ ची एक, टेक्निक ब्रिक १×१६ चे दोन, १×१४ चे तीन, १×१० चा एक, चाकांच्या चार जोड्या, दोन चुंबकी जोडण्या, सैल पिना डझनभर (त्या हरवतातच) आणि काठ्यांसाठी पन्नासेक १×१ ब्रिक, रंग कुठलाही. दुसरा गाडा घरातल्या संचाच्या डब्यांच्या चाकांवर उभा करता येतो. भिंती आणि छताचे रंगीत तुकडे हे गाडे सगळ्या सांध्यांतून सुटल्यावरच मागवा.